अत्तरवाल्याचा माड

रोह्याहून अष्टमीला जायचं तर कुंडलिकेवरचा पूल ओलांडावा लागतो. संध्याकाळी धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की पुलावर दुचाक्यांची रांग लागते. तेवढ्या धुरातही एखाद्या दिवशी मला गुलाबाचा आणि चंदनाचा दाट वास येतो, आणि मी कठड्याशी थांबते. थोड्या वेळाने शरीफभाई येऊन पोचतात. इस्त्रीचा पांढरा सदरा, पॉलिश केलेले बूट. उभे राहतानाही एक हात दुसऱ्या मनगटावर ठेवलेला असतो, समोर अजून दुकानाचं काचेचं काउंटर असल्यासारखा.

"आज जास्त झालं का, बाई?" ते विचारतात.

"थोडं."

"थोडं म्हंजे? पोरं म्हणतात, चाचा पुलावर असतात तवा त्यांचं अत्तर घरी चहा पिऊन बसलेलं असतं."

हे ते हसून सांगतात. पण ज्या माणसाने उभी हयात नाकावर संसार चालवला, त्याला आपल्याच अंगावरचं अत्तर किती झालं ते दुसऱ्याला विचारावं लागतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला, चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आला नाही.

शरीफभाई शारजात एका अत्तराच्या दुकानात नोकरीला होते. अष्टमीतल्या पुष्कळ घरांसारखंच त्यांचं घर. बाप्या माणूस आखातात, बाई मुलंबाळं आणि वाडी सांभाळून इकडे. दोन वर्षांतून एकदा ते सुट्टीवर येत आणि मला आवर्जून बोटाएवढी अत्तराची बाटली देत. त्यांची मुलं, बतूल आणि फैजल, दोघंही आमच्या शाळेत होती आणि मी त्यांना विज्ञान शिकवत होते. बाटली वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. देताना सूचना ठरलेली. "मनगटाला लावा, पण मनगटावर मनगट घासू नका. चोळलं की वास मोडतो." त्या रिकाम्या बाटल्या मी अजून टाकलेल्या नाहीत. कपाट उघडलं की एखादीतून कुठलं तरी वर्ष बाहेर येतं.

त्यांच्या दुकानाच्या गोष्टी मला फार आवडत. वासाबद्दल बोलायला त्यांच्याकडे शब्द होते. एखादं अत्तर त्यांना ओलं वाटे, एखादं उन्हात वाळलेलं, एखादं खोलीत शिरल्यावर आधी कोपऱ्यात जाऊन बसणारं. विकण्याची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी मला अनेकदा सांगितली होती. सकाळी दुकान उघडलं की निखाऱ्यावर ऊदाच्या सुगंधी लाकडाची ढलपी ठेवायची आणि धूपदाणी नेऊन ठेवायची ती बरोबर दारात. आत नाही, रस्त्यावर नाही, दारात. "रस्त्यावर ठेवली तर गिऱ्हाईक तितंच वास घेऊन पुढं जातं. आत ठेवली तर त्याला कळतच नाय. दारात ठेवली की पाय आपोआप उंबरठा ओलांडतात." हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई. धंद्यातली ही एकच गोष्ट आपण स्वतः शोधली, असं त्यांना वाटत असावं.

ही रीत मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळं तिच्यावरूनच झालं.

बतूल नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी ती वाळक्या पानात गुंडाळलेला एक कोश घेऊन आली. रानाच्या कडेला झाडावर तिला तो लटकताना दिसला होता. आम्ही तो प्रयोगशाळेच्या खिडकीत जाळीच्या पेटीत ठेवला आणि विसरलो. काही दिवसांनी त्यातून पतंग निघाला. पंख पसरले तर दोन तळहातांत मावणार नाहीत एवढा मोठा, तांबूस, पंखांच्या टोकांना सापाच्या डोक्यासारखी नक्षी. ती मादी होती. दिवसभर ती जाळीला धरून स्वस्थ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई विठू मला बोलवायला धावत आला. खिडकीच्या बाहेरच्या बाजूने तिच्याच जातीचे नर जाळीला चिकटून बसले होते. गावात एरवी असा एक पतंग वर्षात दिसायचा नाही.

त्या दिवशी मी तास खिडकीपाशीच घेतला. मुलांना नरांच्या डोक्यावरच्या मिशा दाखवल्या, नेच्याच्या पानासारख्या दोन्ही बाजूंनी दातेरी. मादीच्या मिशा तशा नव्हत्या, बारीक होत्या. तिला शोधायचं नसतं. ती एका जागी बसते आणि पोटाच्या टोकातून एक गंध वाऱ्यावर सोडते. नराच्या मिशीवर हजारो बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्या गंधाचे मोजके कण जरी छिद्रातून आत गेले, तरी नर वाऱ्याच्या दिशेला तोंड करतो आणि डावीउजवीकडे वळणं घेत, वास हरवला की पुन्हा शोधत, उडत राहतो. बाकी जगात कितीही वास असोत, रानफुलांचे, शेणाचे, सुक्या मासळीचे. त्याच्या मिशीला त्यातून आपलं माणूस तेवढं कळतं.

शरीफभाई तेव्हा सुट्टीवर होते. बतूलने हट्टाने आईबापांना शाळेत आणलं. शरीफभाईंनी जाळीला नाक लावून मोठा श्वास घेतला.

"काय नाय येत, बाई."

"तुम्हाला येणार नाही. तो त्यांच्यापुरता आहे."

"माझ्या नाकाला नाय येत असा वास?" त्यांना ते खरंच लागलं. पुन्हा हुंगून पाहिलं. "लांबनं आले असतील?"

"बरेच लांबून. नेमकं नाही सांगता येत."

"मग दमले असतील. खातात काय?"

"काही नाही. यांना खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्यावर आठवडाभर जगतात. भेटतात आणि संपतात."

शरीफभाई बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असला माल आमच्या दुकानात असता ना, शेठनं मला सुट्टीच दिली नसती."

त्यांची बायको ताजुन्निसा मागे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. बाई बोलायला तिखट. ती म्हणाली, "बघा जरा. तोंड नाय, पोट नाय, पण येतात. तुमी दोन वर्सांनी."

"तिकीट कोण देणार गो?"

"यांना कोणी दिलं?"

मुलं खो खो हसली. शरीफभाईही हसले, पण कान लाल झालेले मी पाहिले.

त्याच सुट्टीत त्यांनी परसदारी खड्डा खणला. खाली मीठ आणि वाळू घालून ताजुन्निसाने त्यात म्हसळ्याच्या माहेराहून आणलेलं माडाचं रोप लावलं. ते परत गेले. पुढे त्यांनी तो माड दोन-दोन वर्षांच्या उड्यांनी वाढताना पाहिला. दर वेळी ते म्हणायचे, "ओळखू येत नाय," आणि ती म्हणायची, "तो पण तुमाला ओळखत नाय." त्याला पहिली शहाळी लागली ती तिने कोणाला उतरवू दिली नाहीत, यांची सुट्टी येईपर्यंत. वाडीत जुने माड कितीतरी होते, पण घरात सगळे यालाच ताजूचा माड म्हणू लागले.

ते कायमचे परत आले तेव्हा ती आजारी होती. वर्षभर दोघं एकत्र राहिली. नंतर ती गेली. मग निसर्ग वादळ आलं आणि वाडीतले जुने माड एका दुपारीत आडवे झाले. ताजूचा माड तेवढा उभा राहिला, थोडा विहिरीकडे झुकून. शरीफभाईंनी रिकाम्या जागी नवी रोपं लावली. पुढच्या वर्षी त्यांचा वास गेला.

वास गेल्यावर त्यांनी एक सवय लावून घेतली. दुसऱ्यांकडून वास मागून घ्यायचा. माझ्याकडे आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणत, "काय शिजतंय? सांगा, पण नीट सांगा." वालाचं बिरडं म्हटलेलं त्यांना पुरत नसे. "ते कळलं. कसं येतंय?" मग मला विचार करावा लागे. मी सांगे, मोड आलेल्या वालाचा कच्चा हिरवा वास खाली आहे, वर खोबरं आणि लसूण. ते डोळे मिटून मान हलवत. एवढी वर्षं त्यांनी मला शब्द शिकवले होते, तेच मी त्यांना परत देत होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर गावात सोंड्या भुंगा आला. तांबूस, पुढे लांब सोंड असलेला हा किडा माडाच्या जखमेत अंडी घालतो आणि अळ्या खोड आतून खात जातात. बाहेरून माड हिरवागार दिसतो आणि एक दिवस मान टाकतो. कोवळ्या, अजून उंच न झालेल्या माडांवर त्याचा जास्त डोळा. बतूल आता पेणला असते. तिच्या नवऱ्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर बहुतेक तीच बसते. ती रोह्याच्या गाडीने एक बादली घेऊन आली. बादलीला वरच्या बाजूला भोकं, बाहेरून गोणपाट गुंडाळलेलं म्हणजे भुंग्याला चढता यावं, आणि झाकणाच्या आतून टांगलेली गंधाची लहानशी पुडी. तळाला पाणी आणि आंबवलेलं फळ. याला कामगंध सापळा म्हणतात. बापाला तिने सगळं समजावलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

पंधरवड्याने शरीफभाईंनी मला बोलावलं. ओट्यावर बादली आणून ठेवली होती. तळाशी बुडालेले भुंगे.

"बघा बाई, गिऱ्हाईक."

"फळ कुठलं घातलंत?"

"खजूर."

"कुठला?"

"फैजलनं दोहाहून मदिनेचा पाठवला होता तो."

मदिनेचा खजूर भुंग्यांना. पिशवीतून भिंग काढलं, ते अजून माझ्यासोबत असतं, आणि एक भुंगा कागदावर घेतला.

"यांचं नाक कुठं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. सोंडेच्या बुडाशी दोन बाजूंना दोन मिशा, कोपरात वाकवलेल्या हातासारख्या, टोकाला गाठ. त्या गाठीवर वास टिपणारे केस. पतंगाच्या पिसाऱ्यासारखा थाट नाही, पण काम तेच.

"म्हंजे मिशीनं हुंगतात," ते म्हणाले. "मला पण मिशी हाय. काय उपयोग."

"त्या पुडीत नराच्या वासाची नक्कल असते," मी सांगितलं. "यांच्यात हाक नर मारतो. चांगलं झाड सापडलं की तो गंध सोडतो, आणि नर-मादी दोघंही येतात. ही हाक लग्नाची कमी आणि पंगतीची जास्त."

"पुडीचा वास कसा येतो?"

मी पुडी हुंगली. "फार थोडा. गोडसर, फळ ठेवलेल्या फडताळासारखा."

त्यांनी ती हातात घेतली, सवयीने नाकापाशी नेली आणि खाली ठेवली. त्या दिवशी ते फार खुश होते. वास गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा वासाशी काही संबंध आला होता आणि तो लागू पडत होता. "दर सकाळी बादली बघतो," ते म्हणाले. "दुकान उघडल्यासारखं वाटतं." बादली परत बांधायला ते मागच्या दाराने गेले आणि मी घरी निघाले.

पारी ही त्यांच्याकडे गवत काढायला येते. नदीपलीकडच्या आदिवासी वाडीतली, वयाने बतूलएवढी. एका सकाळी विहिरीपाशी गवत काढता काढता ती थांबली.

"चाचा, ताडी कोणी सांडली?"

"ताडी? माझ्या घरात?" शरीफभाई दारात आले. "काय बोलतंस गो?"

"वास येतंय ना. शिळ्या ताडीचा." ती हुंगत हुंगत ताजूच्या माडाशी गेली. "हितनं. या माडातनं."

त्यांनी वाकून पाहिलं. बुंध्यापासून कमरेएवढ्या उंचीवर एक भोक होतं, त्यातून तपकिरी रस ओघळला होता, आणि चावलेला भुसा बाहेर आला होता. त्यांनी खोडाला नाक लावलं, मग आठवण होऊन कान लावला. आत बारीक करकर चालू होती. ते मला नंतर म्हणाले, पापड खाल्ल्यासारखी.

दुपारी बतूल पेणहून आली. मीही गेले होते. ती मागच्या दारातून परसात उतरली आणि पायरीवरच थांबली. सापळ्याची बादली ताजूच्या माडालाच, हाताला येईल अशी बांधलेली होती.

"अब्बा, ही हितं कोणी बांधली?"

"मी."

"कुंपणाला बांधा म्हटलं होतं. नदीकडच्या. माडांपासून लांब."

"तितं कोण बघणार? ही दारात बांधली. गिऱ्हाईक दारातनं..."

बतूल पायरीवर बसली. तिला राग आला होता, पण आवाज चढला नाही. "अब्बा, ही धूपदाणी नाय. वासानं आलेले सगळे बादलीत पडत नायत. जे पडले ते तुमी मोजले. जे नाय पडले ते शेजारी जे झाड दिसलं त्यावर बसले. तुमी सगळ्या गावचे भुंगे बोलवून अम्मीच्या माडावर बसवले."

शरीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं नसतं, म्हणून मी खोडावरच्या भोकाकडे पाहत राहिले.

"खजूर पण चांगला घातला होता," ते म्हणाले.

ते ऐकून बतूलच्या रागाचं काय झालं कोण जाणे. ती उठली, कमरेला ओढणी खोचली आणि कामाला लागली. बादली सोडून नदीकडच्या कुंपणाच्या सुक्या खांबाला नेऊन बांधली. भोक तारेने साफ केलं, औषध आत सोडलं आणि तोंड लिंपून टाकलं. जाताना म्हणाली, "आतनं किती पोखरलाय ते सांगता येत नाय. नवा कोंब सरळ आला तर जगला. पण अब्बा, ऐका. आत नर जिवंत असतील तर ते पण हाक मारतात. पुडी काढली तरी माड बोलवत राहील. बाजूची रोपं बघत राहा."

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी शरीफभाई माडाला कान लावत आणि पारीला म्हणत, "बघ गो." पारी नाक लावे. "येतंय अजून," ती सांगे. दोहाहून फैजलचा फोन आला, अब्बा, तोडून टाका, एखाद्या वाऱ्यात घरावर येईल. शरीफभाई म्हणाले, तुझं काम बघ. शेजारच्या बाबाजी म्हात्र्यांनी, त्यांच्याही वाडीत कोवळे माड आहेत, कुंपणावरून सहज विचारलं, "शरीफ, काय ठरवलास?" शरीफभाईंनी विषय बदलून त्यांना चहाला बोलावलं. माझ्याशी मात्र ते बोलत. एकदा पुलावर म्हणाले, "बाई, मी तिच्याजवळ राहिलो किती? सुट्ट्या जोडल्या तर चार-पाच वर्षंसुद्धा भरत नायत. तो माड तिच्याजवळ रोज होता. ती गेली तवा पण तोच दारात होता, मी औषध आणायला बाजारात." मग नदीकडे पाहत म्हणाले, "तो पण घालवला म्हंजे काय राहिलं?"

नवा कोंब आला. तीन दिवस सरळ वाटला, मग कलला.

तरीही त्यांनी निर्णय घेतला नव्हता. तो झाला पारीच्या एका वाक्याने. गवताचा भारा बांधून ती निघाली होती. वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी एक आता चांगलं डोक्यावर गेलं होतं, त्याच्यापाशी ती वाकली. "चाचा, या लहान्याला पण येतंय. थोडा."

शरीफभाई तिथे गेले. कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. पारीला पुन्हा विचारलं, ती म्हणाली, व्हय. मग ते उठले आणि कुंपणाशी गेले. बाबाजींचे माड पलीकडेच ओळीत उभे होते, या लहान्याच्याच वयाचे. ते तिथे किती वेळ उभे होते, पारीने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "चाचा बाबाजींच्या माडांकडं बघत होता. मग म्हनला, हा बोलवतोय, पारी. घरातनं बोलवतोय सगळ्यांना."

संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "उद्या सुभाष येतोय. तुमी पण या."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर शरीफभाई परसात खुर्ची टाकून बसले होते. जवळ जाईपर्यंत काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं, आज अत्तर नव्हतं.

"नाय लावलं," मी न विचारताच ते म्हणाले. "आज माझा वास मधी नको."

सुभाष माडांवर चढणारा, वडिलांपासून त्यांचं हेच काम. त्याने वर चढून झावळ्या उतरवल्या, शेंडा दोराने खाली सोडला, मग खोडाचे तुकडे करत करत खाली आला. कमरेएवढ्या उंचीवर कुऱ्हाड लागली तेव्हा आवाज पोकळ आला. खोड फोडलं तर आत अळ्या, आणि धाग्यांनी विणलेले सुपारीपेक्षा मोठे कोश. सकाळीच पेणहून आलेल्या बतूलने कोणाला उसंत दिली नाही. तोडलेल्या माडाचा वासही भुंग्यांना ओढतो, म्हणून फोडलेले तुकडे लगेच जाळायचे होते. बाबाजी न बोलावता कुंपण ओलांडून आले आणि रॉकेलचा डबा घेऊन उभे राहिले. त्या लहान रोपालाही बतूलने औषध दिलं. ते सुरुवातीचं होतं, वाचण्यासारखं होतं.

आमच्याकडे माड तोडला की शेंड्यातला पांढरा गाभा आजूबाजूच्या घरांत वाटतात. कीड खोडात होती, शेंडा स्वच्छ निघाला. सुभाषने वरची आवरणं सोलून हस्तिदंतासारखा गाभा काढला आणि बतूलने त्याच्या चकत्या ताटात घातल्या. पहिली चकती तिने बापाला दिली. त्यांनी ती तोंडात ठेवली आणि बराच वेळ चावली.

"गोड लागतंय," ते म्हणाले. "गोड कळतंय मला. वास तुमी सांगा, बाई."

मी एक चकती घेतली. पलीकडे खोड पेटलं होतं, धूर नदीकडे जात होता. मी हुंगत राहिले, कारण या वेळी चुकून चालणार नव्हतं.

"शहाळ्याच्या पाण्याचा आहे," मी म्हटलं, "पण पाण्याहून दाट. ओल्या खोबऱ्याचा आहे, पण खोबरं व्हायच्या आधीचा. थोडा गवताचा. आणि खाली..." मला शब्द सापडेना. "खाली काहीतरी धुतलेलं आहे. नुकतंच."

शरीफभाई डोळे मिटून ऐकत होते. "केस," ते म्हणाले. "ती डोई धुऊन विहिरीपाशी उभी राहायची. खोबरेलाच्या आधी. तेल लावायच्या आधीचा तो."

बतूल ताट घेऊन आत गेली. शेजारच्या घरी द्यायचं आहे, असं म्हणाली.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ताजूच्या माडाची जागा शरीफभाईंनी मोकळीच ठेवली आहे. तिथे आता दुपारचं ऊन विहिरीच्या कठड्यापर्यंत येतं. बादली नदीकडच्या खांबावर असते, आत साधी केळी. बाबाजींनीही आपल्या टोकाला एक बांधली. शरीफभाईंनी अष्टमीतल्या माडवाल्यांना घरोघर जाऊन सांगितलं, आपल्या दारात बांधू नका, मी दुकानदारी करून फसलो. एवढं मोकळेपणाने सांगितल्यामुळे लोकांनी ऐकलंही.

परवा सकाळी मी गेले तेव्हा त्यांची फेरी चालली होती. पुढे शरीफभाई, मागे विळा घेऊन पारी. ते एकेका माडाला कान लावत आणि बाजूला होत, मग ती वाकून नाक लावी. लहान रोप आता आणखी हातभर वाढलं आहे, नवा कोंब सरळ आहे. तरी तिथे ते इतर झाडांपेक्षा जास्त थांबले.

"बघ गो पारे."

तिने वाकून हुंगलं. "नाय."

"नीट बघ."

"नाय म्हटलं ना, चाचा. तुमच्या अत्तराचा तेवढा येतंय."

ते हसले, दोन पावलं मागे सरले, वारा कुठून आहे ते बोट ओलं करून पाहिलं आणि तिच्या पलीकडे, वारा जात होता त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"आता बघ," ते म्हणाले.

पारीने पुन्हा नाक लावलं. आम्ही दोघं थांबलो.

"नाय," ती म्हणाली.

"चल, पुढं."